तीन बोटांचं कुर्त

सारीबुलाक
१२ मे १९७४

अकबोपे,

तुला आणि तुझ्या कुशीतल्या नव्या मालकाला सारीबुलाकच्या माणसांचा, मेंढ्यांचा आणि कुत्र्याचाही सलाम.

तार पोचली. आनंदाची बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं, म्हणून पोस्टमनने आईंचा नवा कोरा रुमाल बक्षीस म्हणून उचलून नेला. आईंनी तो लग्नकार्यासाठी जपून ठेवला होता. देताना मात्र अशा हसल्या की त्यांचे उरलेसुरले दात मला मोजता आले असते.

तारेत लिहिलंय, ‘मुलगा झाला. दोघं ठीक.’ आईंनी ती माझ्याकडून परत परत वाचून घेतली आणि विचारलं, “दोघं म्हणजे कोण कोण? माझा मुलगा आणि नातू ठीक आहेत, की सून आणि नातू?” आता मी काय सांगू? कुरळ्याने तार केली म्हणजे अशीच असणार. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तो शेंबडा पोर होता. डोक्यावर कुरळं जंगल होतं, म्हणून मी त्याला कुरळ्या म्हणू लागले. दिराचं नाव घ्यायची सोय आपल्या सुनांना नाही, तेव्हा तो रेल्वेत फिटर होऊ दे नाहीतर मंत्री, माझ्यासाठी कुरळ्याच.

मला खरं लिही. बाळंतिणीसाठी मेंढी कापली का? रस्सा कोण करतंय? कुरळ्याला चुलीवर किटली ठेवण्यापलीकडे काही येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या त्या खाणीच्या गावात आपलं एखादं माणूस आहे का शेजारी? दूध आलं का अंगावर? बाळ कसं आहे, कुणावर गेलंय?

आई नाव पाठवणार आहेत. मनात घोळवताहेत. घाई करू नका आणि परस्पर रशियन सिनेमातलं काही ठेवू नका, असा निरोप आहे.

तुझी थोरली जाऊ,
दामेतकेन

२३ मे

जाऊबाई,

तुमचं पत्र आल्या दिवशी मी उत्तर लिहिलं होतं. त्यात सगळं उत्तम आहे असं होतं. आज ते फाडून टाकलं.

बाळ महिनाभर आधीच आलं. फार लहान आहे. माझ्या बोटांपासून कोपरापर्यंतही पुरत नाही. रडतं तेही मांजराच्या पिल्लासारखं. आणि त्याची मान, जाऊबाई, मानेत काही जीवच नाही. उचललं की डोकं बाजूला कलतं आणि मी त्याला परत खाली ठेवते. सगळ्याच बाळांचं असं असतं, हे मला कळतं. पण याचं काही वेगळंच आहे असं वाटत राहतं.

दूध पुरत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नीना पावलोव्हना चांगल्या आहेत. माझे डोळे ओढून पाहिले आणि म्हणाल्या, “तुझ्या अंगात रक्त नाही, दूध कुठून येणार? काय खातेस?” मी म्हटलं, चहा आणि बटाटे. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या की गोळ्या घ्यायच्याच, पण जेवायचंही. मला गिळवतच नाही. हे बिचारे रोज कामावरून येऊन बटाटे उकडतात आणि समोर बसून मी खाते का पाहतात. मग मी रडते, मग ते उठून गॅलरीत जातात.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्यात कुणी आपल्या भाषेत बोलत नाही. शेजारी एम्मा नावाची जर्मन म्हातारी आहे, तिला माझ्या बाळाच्या रडण्याचा त्रास होतो बहुतेक, कारण ती भिंतीवर ठोकते.

माझी आई मी लहान असतानाच गेली. अशा वेळी काय करतात, काय खातात, हे मला कुणी सांगितलंच नाही. आईंना यातलं वाचून दाखवू नका, वय झालंय त्यांचं. मला भीती वाटते, जाऊबाई.

अकबोपे

३ जून

अकबोपे,

वाचून दाखवू नका म्हणे. त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, “सगळं वाच. एक ओळ गाळलीस तर मला कळेल.” वाचलं. त्या उठल्या, काठी घेतली आणि कळपात शिरल्या. महिनाभर खोकल्याने अंथरुणात होत्या, उठून चहा घ्यायलाही माझा हात लागत होता, पण त्या दिवशी कळपातून अशा फिरल्या की मेंढ्याच घाबरल्या. पाठीवर हात फिरवून, शेपटीची चरबी दाबून बघत बघत शेवटी एक पांढरी मेंढी धरली. म्हणाल्या, “ही.”

तुझे थोरले दीर म्हणाले, कापून, मीठ लावून पाठवू. आईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प दोर शोधायला गेले. “माझी सून उन्हात गाडीत शिजलेलं मांस खाणार? बाळंतिणीचा रस्सा ताजाच पाहिजे.” तेव्हा मेंढी जिवंत येते आहे. आपला मुकाश मालगाडीवर गार्ड आहे, त्याच्या डब्यातून आणेल. तिसऱ्या मजल्यावर मेंढी कशी राहणार, असं मी विचारलं. “पायांनी चढेल,” म्हणाल्या.

मेंढीबरोबर गाठोडं आहे. त्यात मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरलेलं गेल्या उन्हाळ्याचं लोणी आहे. वास घेऊन घाबरू नकोस, चीर दे आणि आत बघ. भाजलेली बाजरी आहे, ती गरम चहात लोण्याबरोबर घे. आणि कुर्त आहे, आईंच्या हातचे, उन्हात वाळवलेले खारट चक्क्याचे गोळे.

आता नीट वाच, हे आईंचं सांगणं आहे. पहिला रस्सा तू प्यायचा, गरम, घाम फुटेपर्यंत. मग दिवसभर थोडा थोडा. मानेचं हाड अखंड शिजवायचं. त्याला सुरी लावायची नाही, दातांनी फोडायचं नाही. घरी आलेल्या बायांनी बोटांनी आणि ओठांनी ते स्वच्छ करायचं, मांसाचा धागाही राहता कामा नये. मग मणके काडीत ओवून उंच टांगायचे. बाळाने मान धरेपर्यंत ते तिथेच राहतील. मानेचं मांस एकटीने खायचं नसतं. बाया बोलवायच्याच.

आणि नाव आलं. तुरार. टिकणारा, राहणारा. आईंनी ते आभाळाकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, मग खोकल्या, मग पुन्हा म्हटलं.

तू नुसतं खा. भीती वाटली तरी खा, भीती वाटत असतानाही जेवता येतं.

दामेतकेन

१९ जून

जाऊबाई,

कुठून सुरुवात करू कळत नाही.

मुकाशभाऊ पहाटे आले. मेंढी खरोखरच पायांनी चढली, पहिल्या मजल्यावर जरा थांबली आणि तिथे जे करायचं ते करून पुढे आली. ते मी धुतलं. यांना त्या दिवशी कामाला जाणं भाग होतं, म्हणून मेंढी गॅलरीत बांधली. आमची गॅलरी एम्माच्या गॅलरीला लागून आहे. तिने तिथे लाल फुलांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. होत्या, असंच म्हणावं लागेल.

दारावर अशी थाप पडली की बाळ दचकलं. एम्मा उभी होती, हातात नुसते देठ. ती ओरडायला तोंड उघडणार तेवढ्यात तिने बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, “तू किती पांढरी पडली आहेस, मुली. कुणी नाही का तुझं?” मी म्हटलं, आहे की, माझ्या सासूबाईंनी पाठवलंय ते गॅलरीत उभं आहे. ती हसायला लागली. भिंतीवर का ठोकायची तेही कळलं. बाळ रडलं की तिला वाटायचं मी झोपले असेन, म्हणून मला उठवायला.

संध्याकाळी यांनी बॉयलरच्या खोलीमागे मेंढी कापली. आधी दुआ म्हटली. रस्सा शिजायला लागला आणि घरभर तो वास पसरला. जाऊबाई, मला वाटलं होतं मला मळमळेल. पण माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. पहिला वाडगा प्यायले तेव्हा कानामागून घामाची धार लागली आणि पायाचे तळवे गरम झाले. ते इतके गार होते हेही मला माहीत नव्हतं. दुसरा वाडगा मी मागून घेतला. हे दाराशी उभे राहून बघत होते, मग तोंड फिरवून कांदे चिरायला लागले. कांद्यांची काही गरज नव्हती.

मानेच्या मांसाला बाया बोलवायला सांगितल्या होत्या, तर मी कुणाला बोलावणार? एम्माला बोलावलं. तिने वरच्या मजल्यावरच्या हलिनाला आणलं. एम्मा स्वतःचा काटा आणि सुरी घेऊन आली. मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि कारण सांगितलं. तिने एकदा बाळाच्या मानेकडे पाहिलं. मग तिने बाह्या वर केल्या. आम्ही तिघी जमिनीवर बसून ते हाड बोटांनी सोलत होतो, ओठांनी टिपत होतो. मणक्यांच्या खाचेत अडकलेला धागासुद्धा एम्माने सोडला नाही. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखी ती वाकून बसली होती. शेवटी ते मणके इतके पांढरेशुभ्र निघाले की हलिनाने ते ओवायच्या आधी स्वतःच्या रुमालाने पुसले. खिडकीच्या वरच्या खिळ्याला टांगले आहेत.

आणि त्याच रात्री पान्हा फुटला. अंगावरचा झगा भिजला तेव्हा मला कळेना काय झालं. तुरारने आधी चोखलं, मग थांबून माझ्याकडे पाहिलं, आणि मग गटागटा पिऊ लागला. पोट भरून झोपलेलं माझं बाळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

लोण्याच्या पिशवीला चीर दिली. बाहेरून वाळलेलं कातडं, आणि आतून पिवळंधमक, गोड वासाचं. वर्ष होत आलं त्याला. बर्फ पडला, वितळला, आणि हे तसंच. गेल्या उन्हाळ्यात आपण ज्या गवतात बसलो होतो त्याचा वास आहे त्यात. कुर्तचे गोळे मी एकेक करून टेबलावर मांडले. प्रत्येकावर आईंच्या मुठीचा ठसा आहे. तीन बोटांच्या तीन खाचा, आणि करंगळीशेजारची जागा सपाट, जिथलं बोट घोड्याच्या दोरात अडकून तुटलं. हे म्हणाले, लहानपणी आंधळ्यानेसुद्धा आमच्या आईचं कुर्त ओळखलं असतं. एक गोळा तोंडात धरला की दुपार सरते आणि भूक लागत नाही.

नीना पावलोव्हनांना सांगितलं, तर त्यांनी वहीच उघडली. म्हणाल्या, हे रोज खा. दुधातला सगळा कस आटून या गोळ्यात बसलाय, आईची हाडं झिजू देत नाही. आणि मेंढीच्या मांसाने रक्त भरून येतं. त्यांनी एक गोळा मागून घेतला.

आईंना हे पत्र वाचून दाखवा, सगळं, मेंढीने जिन्यात काय केलं तेही.

तुमची अकबोपे

२ जुलै

अकबोपे,

पत्र पोचलं. आईंना वाचून दाखवलं, सगळं, जिन्यासकट. एक शब्द बोलल्या नाहीत, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वारा होता, कागद हातात ठरत नव्हता, म्हणून काही ओळी पुन्हा वाचल्या.

लोणी संपवू नकोस असं म्हणणार नाही, संपव. ते त्यासाठीच आहे. हाडं पुन्हा उकळून रस्सा कर. मन शांत ठेव. बाळंतिणीचं दूध पोटातून येत नाही, शांत छातीतून येतं, हे मला आईंनी पहिल्या बाळंतपणात सांगितलं होतं.

आम्ही उन्हाळी कुरणावर आलोय. घोड्या भरपूर दूध देताहेत. मला फार लिहायला होत नाही, धारा काढायच्या आहेत.

मान धरली का? धरली की लगेच कळव.

दामेतकेन

२० जुलै

जाऊबाई,

तुमचं पत्र एवढंसं. मी ते उलटून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून.

तुरार बरा आहे. बरा म्हणजे काय, दंडाला वळ्या पडायला लागल्यात. डॉक्टरीणबाईंनी तराजूत ठेवला आणि काटा पाहून पुन्हा ठेवला, त्यांचा विश्वास बसेना. मी चहात बाजरी आणि लोणी घेते, रोज. आरशात पाहिलं तर गालाला रंग आलाय. एम्मा म्हणते, मला हे तीस वर्षांपूर्वी कुणी खाऊ घातलं असतं तर आज मी पायांनी जिना चढले असते, कण्हत चढले नसते. ती रोज येऊन मणक्यांखाली उभी राहते आणि विचारते, “अजून नाही?” मान अजून डुलतेच.

हे मध्यंतरी बरेच दिवस घरी नव्हते, दुसऱ्या डेपोत कामाला पाठवलं होतं म्हणे. आले ते दाढी वाढलेली, डोळे लाल. फार काम होतं का विचारलं तर हो म्हणाले. शुक्रवारी मला म्हणाले, सात पोळ्या तळ, गेलेल्या माणसांसाठी. वडिलांची आठवण झाली असेल. आजकाल तुरारला घेऊन त्या टांगलेल्या मणक्यांकडे बघत बसतात.

मला एक सांगा, आई माझ्यावर रागावल्या आहेत का? नुसता निरोपही नाही. एम्माला आणि हलिनाला मानेचं मांस दिलं, म्हणून? परक्या बायांच्या हातचं चालत नसेल, तर मला तसं सांगायला हवं होतं. मी तरी कुठून आणणार होते आपल्या बाया? रागावल्या असतील तर त्यांना सांगा की त्या दोघींनी माझ्यापेक्षा मनापासून केलं.

अकबोपे

४ ऑगस्ट

अकबोपे,

आई रागावल्या नाहीत. हे नीट वाच आणि मनात ठेव. ज्या बाया आल्या त्या योग्यच होत्या. त्या जर्मन म्हातारीला माझा सलाम सांग.

तुझ्या नवऱ्याला त्रास देऊ नकोस, त्याच्या पानात चांगलं वाढ.

मुकाशबरोबर या उन्हाळ्याचं कुर्त पाठवतेय. दूध घट्ट होतं. ताक आटवलं, चक्का रात्रभर टांगला, मीठ घातलं आणि ऊन चांगलं मिळालं. पोरांनी आणि कावळ्यांनी मिळून अर्धं पळवलं, उरलं ते तुला. मीठ जास्त झालं असेल तर सांभाळून घे. आवडलं का ते लिही.

आणि मान. मान धरली की लगेच तार कर, पत्राची वाट बघू नकोस. फिटरच्या बायकोला तारेचे पैसे जड नाहीत.

दामेतकेन

२५ ऑगस्ट

जाऊबाई,

तार केली नाही. हे तारेत लिहिण्यासारखं नाही.

काल मुकाशभाऊ पिशवी देऊन घाईने गेले. चहालाही थांबले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पिशवी टेबलावर ओतली. गोळे पांढरे, मोठे, छान. एक उचलला आणि माझं बोट खाचेत बसलं. मग दुसरं, तिसरं, आणि चौथं. दुसरा गोळा घेतला. चार खाचा. सगळे गोळे बघितले, एकेक. सगळ्यांवर चार.

आधी मला रागच आला. म्हटलं, म्हणजे खरंच रागावल्या आहेत. नातवासाठी कुर्त वळायलासुद्धा हात लावला नाही. मग तिथे बसल्या बसल्या मला आठवलं, आमच्या लग्नाच्या उन्हाळ्यात त्यांना ताप होता, तुम्ही चक्क्याला हात घालायला गेलात, तर त्यांनी तुम्हाला ढकललं आणि तशा तापात स्वतः वळलं. म्हणाल्या होत्या, “माझी मुलं जे खाणार ते मी जिवंत असेपर्यंत माझ्या मुठीतून जाईल.”

जिवंत असेपर्यंत.

मग सगळं एकामागून एक समोर आलं. यांची दाढी. सात पोळ्या. एक शब्द बोलल्या नाहीत असं तुम्ही लिहिलं होतं, आणि वारा होता. जाऊबाई, घरात वारा कुठून आला असता? तुम्ही माझं पत्र कुठे वाचून दाखवलंत ते मला आता कळलं.

हे तुरारला छातीवर घेऊन पडले होते. मी त्यांना काही विचारलं नाही. मी जवळ गेले तर तुरारने बापाच्या छातीवरून डोकं उचललं, सरळ, आणि माझ्याकडे पाहिलं. मान थरथरत होती पण त्याने ती खाली जाऊ दिली नाही. कितीतरी वेळ तो असा बघत राहिला. यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं की मला कळलंय. त्यांनी सरकून मला जवळ जागा दिली.

तुम्ही मान धरायचीच वाट बघत होतात ना? त्याने मान धरली आहे. दूध आहे, भरपूर आहे, मी रडले तरी आटणार नाही. आता सांगा.

अकबोपे

६ सप्टेंबर

माझ्या लाडके,

हे पत्र मी किती दिवस मनात लिहीत होते. आता हातात लेखणी आहे तर हात चालत नाही.

मेंढी गाडीत चढवून आलो त्या दिवशी आई आनंदात होत्या. मग खोकला वाढला आणि त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. एकोणीस जूनला पहाटे गेल्या. तू मला ते पत्र लिहायला बसली होतीस, त्याच दिवशी. कुरळ्याला आम्ही कामावर तार केली. तो आला, कबरीवर माती सारखी केली, आणि मीच त्याला परत पाठवलं. घरी काही बोलू नकोस म्हणून त्याच्याकडून शपथ घेतली. आईंचाच हुकूम होता तो.

जायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, “पोरीला सांगू नका. तिच्या अंगात आता कुठे दूध उतरत असेल. बाळाने मान धरली की सांगा, तेव्हा ती झेलेल.” मी म्हटलं, तुम्हीच सांगाल, बऱ्या व्हाल. त्यांनी मला मूर्ख म्हटलं. शेवटचं मूर्ख म्हटलं ते.

तुझं पत्र आलं तेव्हा त्यांना मातीत जाऊन आठवडा झाला होता. मी ते घेऊन टेकडीवर त्यांच्या कबरीपाशी गेले आणि मोठ्याने वाचलं. मेंढीने जिन्यात काय केलं ते वाचताना मला हसू आलं आणि मी तिथेच बसून हसले, रडले. खाली मेंढ्या चरत होत्या. पान्हा फुटला ती ओळ मी दोनदा वाचली. मला कुणी ऐकतंय असं वाटलं. तू म्हणशील दामेतकेन म्हातारी झाली, पण वाटलं खरं.

मी तुझ्याशी खोटं बोलले नाही, हे तू पत्रं काढून बघ. फक्त तुझ्यासमोर रडता आलं नाही. ते सगळ्यात जड गेलं.

आता कुर्तचं ऐक. अंथरुणात असताना त्यांनी मला चक्का आणायला लावला. घोंगडीवर परात ठेवून बसल्या. एक गोळा वळला, आणि हात खाली पडला. मग म्हणाल्या, “ये, तुझी मूठ दे.” माझा हात घेतला, त्यावर आपला ठेवला आणि दाबला. किती दाबायचं, पाणी कुठे निघतं, अंगठा कुठे ठेवायचा. इतकी वर्षं मी त्या घरात, आणि पहिल्यांदा त्यांनी मला परातीला हात लावू दिला. तू उघडलेल्या पिशवीतले गोळे त्याच शिकवणीचे. मीठ जास्त झालंय ते माझ्याच डोळ्यांचं असेल.

तो एक गोळा मी वेगळा वाळवला. रोज उन्हात ठेवला, रोज आत घेतला, कावळ्याला दिसू दिला नाही. थोरल्यांनी विचारलं, ठेवून देऊया का आठवण म्हणून? मी म्हटलं, आईंनी आयुष्यात एक गोष्ट खाण्यासाठी सोडून दुसऱ्या कशासाठी केली नाही. मुकाशबरोबर पाठवतेय, पांढऱ्या फडक्यात. तुरारचा आहे तो. दात येताना दे.

आता रड, पोटभर रड. मग जेव.

दामेतकेन

८ डिसेंबर

जाऊबाई,

इथे बर्फ मांडीपर्यंत आलाय. खिडकीवरचे मणके मान धरल्या दिवशीच काढले. एम्माने ते स्वतःच्या हाताने काढले आणि आम्ही दोघींनी अंगणातल्या झाडाखाली खोल पुरले. तिला कारण विचारावंसं वाटलं नाही, मीही सांगितलं नाही.

शुक्रवारी सात पोळ्या तळते. एक एम्माला, एक हलिनाला, बाकीच्या जिन्यात जो भेटेल त्याला. आई कोण होत्या हे आता या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं नाव मला घेता येत नाही, म्हणून मी ‘तुरारची आजी’ म्हणते, आणि सगळे तसंच म्हणतात.

पिशवीतलं लोणी संपत आलंय. तळाला हात घातला तर लोण्यात बोटांचे ठसे होते, भरताना दाबलेले. मी बराच वेळ हात तसाच ठेवला. ही बाई मला फक्त दोन उन्हाळे भेटली. माझ्या अंगातलं रक्त, माझं दूध, माझ्या पोराच्या दंडावरच्या वळ्या, सगळं त्यांच्या मुठीतून आलंय. मी गेलेल्या माणसाच्या हातचं जेवते आहे आणि माझं बाळ त्यावर वाढतंय, हे मनात आलं की मी चमचा खाली ठेवते. मग पुन्हा उचलते. तुम्हीच म्हणालात ना, आठवण म्हणून ठेवायचं नाही.

आता खरी बातमी. तुरारला लाळ सुटली होती, चार दिवस रडत होता, काही केल्या ऐकेना. मी पांढरं फडकं सोडलं. तो गोळा त्याच्या दोन्ही हातांत दिला आणि मी खालून धरून ठेवला. त्याने आधी चाटला, मग तोंड वाकडं केलं, मग पुन्हा चाटला. खारट आहे ना. मग त्याने हिरडी लावली आणि डोळे मिटून चोखत बसला, असा शांत की हे कामावरून येऊन दारातच थांबले. कोट काढला नाही, टोपी काढली नाही, बर्फ वितळून जमिनीवर पाणी झालं.

तो झोपल्यावर मी गोळा हातातून सोडवला आणि दिव्याजवळ नेला. कुर्त किती कठीण असतं तुम्हाला माहीत आहे, सुरीने तुटत नाही. त्याच्या चोखण्याने नखाएवढंही झिजलं नव्हतं. आईंच्या तीन खाचा जशाच्या तशा होत्या. पण त्यांच्या शेजारी, जिथे आईंचं बोट नव्हतं त्या लाळेने भिजलेल्या सपाट जागेवर, एक बारीक नवी खाच होती. मी सकाळी त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. खालच्या हिरडीत दात आलाय.

तुमची,
अकबोपे